घोडा रवंथ करत नाही

गोरेगावच्या परिसरात, सेनगाव तालुक्यात आणि एकूणच हिंगोली जिल्ह्यात जनावरांचं ज्ञान म्हणजे बैलाचं ज्ञान. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करताना तुपाहळदीचा हात फिरवणारा माणूस बैलाच्या खांद्यातली सूज बोटांनीच ओळखतो. रवंथ थांबला की घरातली म्हातारी माणसं ताटावरून उठून गोठ्याकडं जातात. डावी कूस फुगलेली दिसली तर काय करायचं, हे शाळा न पाहिलेल्या माणसालाही ठाऊक असतं. हे ज्ञान पिढ्यानपिढ्या तावून सुलाखून निघालेलं आहे आणि ते बरोबर आहे. अडचण येते ती हेच ज्ञान जसंच्या तसं घोड्याला लावलं जातं तेव्हा. आपल्या भागातल्या घोड्याचे हाल क्रूरपणामुळं होतात त्यापेक्षा जास्त त्याला बैल समजल्यामुळं होतात, असं माझं स्पष्ट मत आहे. चारा घालणारा हात प्रेमाचा असतो, पण त्या हाताला सवय असते ती चार कप्प्यांच्या पोटाची.

घोडा इथं परका नाही. हैदराबाद कंटिन्जंट नावाच्या फौजेची छावणी १९०३ पर्यंत हिंगोलीत होती. त्या फौजेत घोडदळ होतं आणि मोमिनाबाद, म्हणजे आजचं अंबाजोगाई, आणि तेव्हाचं औरंगाबाद इथंही तिचे तळ होते. शेजारच्या नांदेडात तख्त सचखंड हुजूर साहिबच्या पागेत आजही घोडे आहेत. ते गुरू गोविंदसिंगांच्या घोड्याच्या वंशातले, अशी श्रद्धा आहे आणि हल्लाबोलच्या मिरवणुकीत त्यांना मानाची जागा आहे. लोहा तालुक्यातल्या माळेगावात मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते, तिथला घोड्यांचा आणि गाढवांचा बाजार सगळ्या मराठवाड्याला माहीत आहे. आणि लग्नसराईत तर गावोगाव घोडी लागतेच. म्हणजे घोडा आपल्यात आहे, पण छावण्या उठल्या तशी पागेतली माणसं पांगली. खरारा कधी करायचा, दाणा किती भिजवायचा, दमून आलेल्या जनावराला पाणी कसं द्यायचं, हे सांगणारी घरं विरळ होत गेली.

आधी पोट पाहू, कारण घोडा मरतो तो पुष्कळदा पोटानं. थोराड बैलाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात शंभर लिटरहून जास्त ऐवज मावतो. बैल भराभर चरतो, तो कप्पा भरतो आणि मग सावलीत बसून तेच अन्न पुन्हा तोंडात आणून सावकाश चघळतो. घोड्याचं जठर मात्र जेमतेम ८ ते १५ लिटरचं. एवढ्या मोठ्या देहाला एवढंसं पोट, आणि तिथून अन्न लवकर पुढं सरकतं. त्यातही गंमत अशी की जठरात आम्ल झरण्याचं काम घोडा खात असो वा नसो, रात्रंदिवस चालूच असतं. त्या आम्लाला उतारा लाळेचा. पण घोड्याची लाळ फक्त चावताना सुटते. मोकळ्या रानातला घोडा दिवसातले चौदा ते सोळा तास तोंड हलवत असतो. ती त्याची खादाडी नव्हे, त्याच्या शरीराची रचनाच तशी आहे. आता त्याच घोड्याला सकाळी एक पेंढी कडबा, संध्याकाळी एक पेंढी आणि वर घमेलंभर भरडा, असा बैलाचा रतीब लावला की मधले कितीतरी तास जठर रिकामं राहतं आणि आम्ल त्याच्याच भिंतीला व्रण पाडतं. घोडा दावणीची लाकडं कुरतडू लागतो, दुसऱ्याची लीद हुंगतो, चिडचिडा होतो. आपण म्हणतो, खोडील जनावर आहे.

खरं पचन होतं ते पुढं, लहान आतडं संपल्यावर. तिथं सुमारे मीटरभर लांबीची, तीसेक लिटरची एक मोठी पिशवी आहे, अंधांत्र, आणि तिच्यापुढं तीन-चार मीटरचं मोठं आतडं घड्या घालून कोंबलेलं आहे. बैलाच्या पहिल्या कप्प्यात जे सूक्ष्म जीव चारा आंबवतात, तसेच इथंही असतात. फरक जागेचा आहे. बैलाच्या पोटात हे जीव पचनाच्या सुरुवातीलाच राबतात आणि पुढं स्वतःही पचून बैलाला प्रथिनं देतात. घोड्यात ते पचनाच्या शेवटाला राबतात, त्यामुळं त्यांच्यातली प्रथिनं बरीचशी लिदीबरोबर वाया जातात. त्याच कडब्यातून घोड्याला बैलापेक्षा कमी मिळतं आणि ही तूट तो अधिक खाऊन आणि अन्न लवकर पुढं ढकलून भरून काढतो. निकृष्ट गवताच्या माळावर घोडा तगला तो याच जोरावर, आणि त्याला थोडकं पण भारी खाणं घालण्याची आपली रीत नेमकी याच्या उलटी आहे.

ते मोठं आतडं बरंचसं मोकळं असतं, भिंतीला घट्ट बांधलेलं नसतं. ओटीपोटाजवळ ते उलट वळतं आणि नेमकं तिथंच अरुंद होतं. कोरडा, जाड चारा आणि कमी पाणी मिळालं की त्या वळणावर गोळा अडकतो. हिंगोलीकडं ज्वारीची जागा सोयाबीननं घेतल्यापासून कडबा महाग झाला आणि गव्हाणीत सोयाबीनचं भुसकट आलं. बैल ते रवंथ करून जिरवतो. घोड्याला दुसऱ्यांदा चावण्याची संधी नसते. बरड भुसकट आणि दिवसातून दोनदा दाखवलेली बादली एवढ्यावर उभा केलेला घोडा आज ना उद्या पोटशूळानं लोळणार.

जाणता घोडेवाला जनावर विकत घेताना किंवा आजारी पाहताना त्याच्या कुशीला कान लावतो. आधी उजवीकडं, बरगड्या संपतात तिथं वरच्या बाजूला. काही क्षण काहीच नसतं, मग आतून लांबून गाडी यावी तसा घरघरता आवाज येतो आणि ओसरतो, मिनिटाभरानं पुन्हा. मग तो डावीकडं येतो, तिथं बारीक गुडगुड. दोन्ही कुशींत वर आणि खाली, चारही ठिकाणी पोट बोलत असेल तर तो मान हलवतो. शांत पोटाला घोडेवाले घाबरतात. बैल तपासणारा माणूस सवयीनं डाव्या कुशीवर मूठ दाबतो, कारण बैलाचा मोठा कप्पा तिथं आहे. घोड्याची ती मोठी पिशवी उजवीकडं आहे. परीक्षा तीच आणि बाजू चुकली, तर फुगलेलं आतडं हाताशी लागतच नाही.

खाद्याच्या बाबतीत तर ही गल्लत जीव घेते. गाई-म्हशींच्या काही खाद्यांत आणि कोंबड्यांच्या खाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध मिसळतात. गुरांना ते योग्य मात्रेत मानवतं, त्यांच्या पोटातल्या जीवांचं काम सुधारतं. घोड्याला त्यातली फार थोडी मात्रा पुरते. हृदयाचा स्नायू सडतो आणि जनावर उभ्या उभ्या कोसळतं. मक्यावर बुरशी चढली की गुरं बऱ्याचदा निभावून जातात. घोड्याच्या मेंदूतला पांढरा भाग त्या बुरशीच्या विषानं विरघळतो. कोवळ्या ज्वारीनं गुरांना किराळ लागते हे आपण पोराबाळांना सांगतो. पण ज्वारीच्या हिरव्या रानात दिवसेंदिवस चरलेल्या घोड्याचा मागचा भाग लुळा पडतो आणि लघवीवरचा ताबा जातो, हे सांगणारं कुणी भेटत नाही. म्हणून गोठ्यातलं पोतं उघडून घोड्यापुढं ओतण्याआधी त्यावर काय छापलंय ते वाचायला हवं. ही सावधगिरी फुकट आहे.

दातांकडं बघा. बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, तिथं नुसती कडक हिरडी असते. बैल जिभेनं गवत ओढून घेतो. घोडा वरच्या-खालच्या पुढच्या दातांनी गवत जमिनीलगत कातरतो आणि दाढांनी आडवं दळतो. त्याचे दात जन्मभर वर सरकत राहतात, वर्षाला दोन-तीन मिलिमीटर, आणि दळताना तेवढेच झिजतात. माळेगावच्या बाजारात ओठ उचलून वय सांगतात ते याच झिजेवरून: अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांना दुधाच्या दातांची जोडी पडून पक्की येते, पुढं दातांवरचे खळगे एकेक करून बुजतात, दहाव्या वर्षाच्या सुमाराला वरच्या कोपऱ्यातल्या दातावर एक उभी खाच हिरडीजवळ दिसू लागते आणि विसाव्यापर्यंत ती दाताच्या टोकाला पोचते. हे सगळं बाजाराला येतं. पण त्यामागच्या दाढा कुणी बघत नाही. घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद आहे, त्यामुळं वरच्या दाढांची बाहेरची धार आणि खालच्यांची आतली धार झिजत नाही, ती सुरीसारखी वाढून गाल आणि जीभ कापते. मग घोडा घास तोंडातून टाकतो, अर्धवट चावलेलं गिळतो आणि पुन्हा तोच पोटशूळ. वर्षातून एकदा कानस घेऊन त्या धारा घासणं एवढाच त्यावरचा इलाज आहे. मी बाजारात ओठ उचलणारे शेकडो हात पाहिले, दाढांपर्यंत जाणारे मोजके.

पायाची गोष्ट वेगळीच आहे. बैलाला पत्री मारताना त्याला दोरांनी आडवा पाडतात आणि दुभंगलेल्या खुराच्या दोन्ही भागांना वेगवेगळ्या पत्र्या ठोकतात. घोडा उभ्यानं पाय देतो. नालबंद पाठ फिरवून त्याचा पाय स्वतःच्या मांड्यांत धरतो आणि एकच नाल मारतो, कारण घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर, मधल्या बोटाच्या नखावर उभा आहे. पुढच्या पायाचा आपण ज्याला गुडघा म्हणतो ते त्याचं मनगट, मागच्या पायाचं कोपरासारखं टोक म्हणजे त्याची टाच. तिथून खाली जवळजवळ मांस नाही, नुसते कंडरे. धावताना ते ताणले जातात आणि परत आखडताना ताकद माघारी देतात, म्हणून घोडा कमी श्रमात लांब जातो. आणि खुराच्या आत, शेवटच्या हाडाला खुराच्या भिंतीशी धरून ठेवणारे मांसाचे पापुद्रे आहेत, प्रत्येक खुरात साडेपाचशे ते सहाशे, आणि त्या प्रत्येकावर शंभराहून जास्त बारीक पापुद्रे. सगळं वजन या पापुद्र्यांच्या पकडीवर लटकलेलं असतं. हाड खुराच्या तळाला टेकून उभं नसतं, ते लोंबकळत असतं.

ही पकड सुटण्याचं एक मोठं कारण पायात नसून पोटात आहे. घोडा पोत्यात तोंड घालून गहू किंवा ज्वारी भरपूर खातो, पिष्टमय भाग लहान आतड्यात न पचता मागच्या पिशवीत पोचतो, तिथले जीव भराभर आम्ल तयार करतात, आतड्याची भिंत दुखावते, विष रक्तात उतरतं आणि दोन-तीन दिवसांत चारही खुरांतले पापुद्रे सुजून सुटायला लागतात. हाड खाली कलतं. घोडा पुढचे पाय लांब टाकून मागं रेलतो, खूर हाताला गरम लागतो. लग्नसराईच्या आधी घोडी गुटगुटीत दिसावी म्हणून गूळ आणि भरडा चढवणारे मालक तिच्या पायांखालची जमीन काढून घेत असतात. खूर महिन्याला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो. एकदा कललेला खूर नीट उगवायला वर्ष जातं आणि पुष्कळदा तो कधीच पूर्ववत होत नाही.

घोडा उभ्यानं झोपतो हे सर्वांना ठाऊक आहे. मागच्या पायाची वाटी एका उंचवट्यावर अडकवून तो सांधा कुलूपबंद करतो आणि स्नायू न ताणता डुलकी घेतो. त्यामुळं त्याला आडवं व्हायला लागतच नाही, असा समज पक्का झाला आहे आणि त्याला अगाडी-पिछाडी बांधून वितभर जागेत उभं केलं जातं. पण गाढ झोप, ज्या झोपेत स्नायू पूर्ण सैल पडतात ती, घोडा आडवा झाल्याशिवाय घेऊ शकत नाही. दिवसाला अर्धा-एक तास पुरतो, पण तो मिळाला नाही तर काही दिवसांनी उभ्या उभ्या त्याचे गुडघे मोडतात. भरवरातीत घोडी एकाएकी पुढच्या पायांवर बसली की लोक दृष्ट काढतात. तिला बहुतेक झोप हवी असते.

मग आपण घोड्यात बघतो तरी काय? कातडी बघतो. चार पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा असेल तर पंचकल्याणी, गळ्यावर भोवरा असेल तर देवमण, अमुक जागी भोवरा म्हणजे मालकाला खोट. किमती यावर हजारोंनी वरखाली होतात. या परंपरेची मी थट्टा करणार नाही. शालिहोत्राच्या नावानं चालत आलेल्या अश्वविद्येत लक्षणांबरोबर रोग आणि उपचारही आहेत, आणि कल्याणीच्या सोमेश्वर चालुक्यानं बाराव्या शतकात मानसोल्लासात घोड्यांच्या जाती, शिक्षण आणि मैदानावरचा घोड्यांचा खेळ यांना सविस्तर जागा दिली आहे. कल्याणी आपल्या मराठवाड्याला लागूनच आहे. दुःख हे आहे की त्या विद्येतली लक्षणं बाजारात टिकली आणि उपचार गळून पडले. युरोपातही रंगावरून स्वभाव ठरवण्याची रीत होतीच. १५९८ मध्ये बोलोन्याच्या कार्लो रुईनीचा घोड्याच्या शरीररचनेवरचा ग्रंथ आला, १७६६ मध्ये जॉर्ज स्टब्ज या चित्रकारानं स्वतः शवविच्छेदन करून काढलेली घोड्याच्या स्नायूंची आणि हाडांची चित्रं प्रसिद्ध केली, दरम्यान ल्योंमध्ये पहिली पशुवैद्यक शाळा निघाली आणि पाहणाऱ्यांची नजर कातडीच्या आत शिरू लागली. मुंबईचं पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ चं. आपल्या परभणीतही असं महाविद्यालय आहे. ज्ञान बसच्या एका फेरीइतकं जवळ आहे. ते यात्रेच्या मैदानापर्यंत आलेलं नाही.

वरातीचा विचार करा. मे महिना, पारा बेचाळीसच्या पुढं, डांबर तापलेलं. घोडा माणसासारखा घामानं थंड होतो. कष्टाच्या वेळी तासाला दहा लिटरपर्यंत घाम गाळतो. त्याचा घाम रक्तापेक्षा खारट असतो, म्हणून मीठ झपाट्यानं जातं आणि मीठ गेलं की तहानेची जाणीवच बोथट होते. बादली पुढं ठेवली आणि त्यानं तोंड फिरवलं, म्हणून त्याला तहान नाही असं ठरवणं चूक आहे. आधी मिठाचा खडा चाटवा. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना आहेत, तो जवळजवळ सभोवार बघतो, पण कपाळासमोरचा आणि शेपटीमागचा तुकडा त्याला दिसत नाही. वरातीत नाचणारी पोरं नेमकी तिथंच असतात. त्याचे कान माणसाला न ऐकू येणारे उंच स्वर टिपतात आणि डीजेच्या भिंतीपासून पळायला त्याला जागा नसते. तोंडातला लगाम दातांच्या फटीत, हाडावरच्या पातळ हिरडीवर बसतो. काटेरी लगाम १९६५ च्या नियमांनी बंद आहे, तरी तो बाजारात टांगलेला दिसतो. आणि वजन: घोड्याच्या पाठीवर त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त भार नसावा, अशी ढोबळ मर्यादा मानली जाते. आपल्याकडची लहान चणीची घोडी तीनशे किलोची धरली तर साठ किलो, जीन धरून. सत्तर किलोचा नवरदेव, पुढ्यात एक लहान मूल आणि नक्षीचं जड खोगीर यांचा हिशेब कुणीही करावा.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही ऐकण्यासारखे आहेत. पहिला असा की जिथं माणसाचंच भागत नाही तिथं घोड्याची एवढी चिंता कशाला. घोडे तसेही संपत चालले आहेत. संपत चाललेत हे खरं आहे. देशात घोडे आणि तट्टं मिळून २०१२ ला सव्वासहा लाख होती, २०१९ च्या पशुगणनेत ती साडेतीन लाखांच्याही खाली आली. पण जी उरली त्यांतली कितीतरी हातावर पोट असलेल्या घरांची आहेत. घोडी पोटशूळानं गेली की त्या घराची लग्नसराई गेली, म्हणजे वर्ष गेलं. घोड्याच्या आतड्याचा विचार हा त्या घराच्या चुलीचाही विचार आहे. दुसरा आक्षेप अभिमानाचा आहे: आमचे बापजादे घोडे राखत आले, भीमथडीची तट्टं अटकेपर्यंत गेली, त्यांना कुठं कानस आणि मीठ लागलं? ती तट्टं चिवट होती यात वाद नाही, आणि भीमथडीला अलीकडं स्वतंत्र जात म्हणून सरकारी मान्यता मिळाली याचा मलाही आनंद आहे. पण ती तट्टं दिवसभर चालत होती आणि मुक्कामाला माळावर चरत होती. त्यांचं तोंड आणि पाय कधी थांबत नव्हते, म्हणून खूर झिजत, दाढा झिजत, आतडी हलत राहत. आजची घोडी लग्नाची तिथी येईपर्यंत दावणीला उभी असते. चिवटपणा रक्तात थोडा आणि त्या राहणीत बराच होता. राहणी गेली तर रक्ताच्या भरवशावर राहता येणार नाही.

रात्री घोडा लोळू लागला, वळून वळून कुशीकडं बघू लागला, पायानं जमीन खरवडू लागला की आपल्याकडं बैलाचा उपाय निघतो: बाटलीनं किंवा बांबूच्या नळीनं गोडं तेल पाजायचं. बैलाला ते बऱ्याचदा चालतं. घोड्याच्या घशात वर डोकं करून ओतलेलं तेल श्वासनळीत उतरलं तर फुप्फुस कुजतं, आणि जठरात गेलं तर आधीच तटतटलेल्या पोटात आणखी भर. घोड्याला उलटी होत नाही. अन्ननळी जठराला तिरकी मिळते आणि तिथला स्नायू इतका घट्ट असतो की आतलं काही परत वर येत नाही; दाब वाढत गेला तर जठर फाटतं. म्हणून चारा काढून घ्यावा, लोळताना इजा होणार नाही अशा मोकळ्या जागी हळूहळू चालवावं, तोंडानं काही पाजू नये आणि डॉक्टरांना बोलवावं. डॉक्टर आल्यावर पहिल्या काही कामांत एक लांब रबरी नळी नाकपुडीतून घोड्याच्या जठरापर्यंत सरकवतात. पोटात अडकलेला वायू आणि पाणी त्या वाटेनं बाहेर पडतं, कारण त्या शरीरानं स्वतःची वाट ठेवलेलीच नाही. ती नळी महागडी नाही. सेनगावच्याच काय, जिल्ह्यातल्या प्रत्येक तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात घोड्याच्या मापाची एक तरी असावी, ती घालण्याचा हात परभणीत शिकवलेला असावा, आणि मार्गशीर्षात माळेगावच्या मैदानावर दाढांची कानस घेऊन एक तंबू उभा राहावा, अशी माझी मागणी आहे.